मॅथ्स की एसपी? लॉलाही जायचंय आणि इकॉनॉमिक्सही हवंय

पत्र: ‘मी पलूस तालुक्यातली. यंदा सांगलीत अकरावी कॉमर्सला आहे. घरचा ऊस आहे, त्यामुळे बिल कधी येणार, एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) किती, कपात कशाची यावर घरात कायम बोलणं चालतं. त्यातूनच मला इकॉनॉमिक्स आवडायला लागलं आणि वकील व्हावं असंही वाटायला लागलं. शेजारचे म्हणतात, बारावीनंतर पाच वर्षांचं बीए एलएलबी कर, त्यात दोन्ही येतं. सर म्हणतात, आधी बीए इकॉनॉमिक्स, मग तीन वर्षांचं लॉ. मामेभाऊ म्हणतो, हल्ली दोन पदव्या एकदम करता येतात, दोन्हीकडे नाव घाल. आणि लॉला गणित लागत नाही, म्हणून मैत्रिणी मॅथ्स सोडून एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) घे म्हणतायत. विषय बदलायला अजून थोडे दिवस आहेत. काय करू?’
– एक विद्यार्थिनी, जि. सांगली

मॅथ्स सोडू नकोस. तुझ्या चार प्रश्नांपैकी याच एकाला घाई आहे, म्हणून तो आधी घेतो.

लॉच्या प्रवेशाला गणित फारसं लागत नाही, हे मैत्रिणींचं म्हणणं खरं आहे. राज्याच्या पाच वर्षांच्या लॉ सीईटीत १२० प्रश्नांपैकी गणिताचे जेमतेम ८ असतात. क्लॅटमध्येही (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) साधारण दहा टक्केच प्रश्न आकडेमोडीचे, आणि तेही दहावीच्या पातळीचे. पण तुला नुसतं लॉ नकोय, इकॉनॉमिक्सही हवंय. आजचं अर्थशास्त्र एमएच्या वर्गात शिरलं की डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी आणि रिग्रेशन यांच्यावरच उभं असतं. तुझी बारावी कॉमर्सची गणिताची दोन पुस्तकं एकदा उघडून बघ. डेरिव्हेटिव्हचे उपयोग, मॅट्रिक्स, लिनिअर रिग्रेशन, टाइम सिरीज, इंडेक्स नंबर, लिनिअर प्रोग्रामिंग, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षांत विचारतात त्याचा पाया इथेच आहे. एसपी घेतलंस तर हा पाया पुढे स्वतःच्या जिवावर, कॉलेज सांभाळून भरावा लागेल. भरणारे भरतात. बहुतेकांचं मात्र राहूनच जातं, आणि मग एमएचा विचार आला की दार बंद दिसतं. एसपीने बारावीची टक्केवारी थोडी वाढेल, हे कबूल. पण सीईटीने आणि क्लॅटने प्रवेश घेताना बारावीचे गुण किमान पात्रतेपुरते लागतात: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के. बार कौन्सिलच्या नियमांत इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के आहेत. म्हणजे त्या चार-पाच जास्तीच्या टक्क्यांचा तुला उपयोग नाही.

आता मामेभावाचं. युजीसीने एप्रिल २०२२मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली, हे बरोबर आहे. पण लॉच्या शिक्षणावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८चे नियम चालतात. त्यातला सहावा नियम सांगतो की लॉच्या पदवीला नाव असताना दुसऱ्या कुठल्याही पदवीला, पदव्युत्तर पदवीला किंवा प्रमाणपत्राला नाव घालता येणार नाही. अपवाद मोजके: त्याच संस्थेचा एकत्रित अभ्यासक्रम, भाषेचे किंवा संगणकाचे छोटे अर्धवेळ वर्ग आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम. म्हणजे सकाळी लॉ कॉलेज आणि दुपारी बीए, असं दोन्हीकडे नियमित नाव चालणार नाही. खटकतं ते सनद, म्हणजे वकिलीचा परवाना घेताना. बार कौन्सिलकडे अर्ज करताना सगळी प्रमाणपत्रं पुढे ठेवावी लागतात, आणि दोन नियमित पदव्यांची वर्षं एकमेकांवर पडलेली दिसली की पाच वर्षांचे कष्ट अडकून पडतात. दूरशिक्षणाचा अपवाद वापरायचाच असेल तर आधी लॉ कॉलेजकडून लेखी घे. ‘चालतं गं’ असं ऑफिसात कोणी तोंडी सांगितलं, तर त्यावर विसंबू नकोस.

राहिले दोन मार्ग. दोन्ही नीट समजून घे, कारण दोन्हींविषयी गैरसमज पुष्कळ आहेत.

पाच वर्षांच्या बीए एलएलबीत पहिली दोन-तीन वर्षं भाषा, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे विषय कायद्याच्या विषयांबरोबर चालतात आणि पुढची वर्षं जवळपास पूर्ण कायद्याची. अर्थशास्त्र मेजर (मुख्य विषय) मिळालं तरी त्यात सूक्ष्म, स्थूल, भारतीय अर्थव्यवस्था, सार्वजनिक वित्त असे पेपर असतात. संख्याशास्त्र आणि अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स) बहुधा नसतातच. बाजार समजून घ्यायला, कराचा कायदा वाचायला, न्यायालयात आकडे मांडायला हे पुरतं. अर्थतज्ज्ञ म्हणून उभं राहायला पुरत नाही.

इथे एका शब्दाने मुलं आणि पालक दोघंही फसतात. बीए एलएलबीच्या पुढे लिहिलेलं ‘ऑनर्स’ हे अर्थशास्त्राचं ऑनर्स समजू नकोस. बार कौन्सिलच्या आराखड्यात ऑनर्सचे आठ पेपर कायद्याचेच असतात. दुसरी गफलत माहितीपुस्तकातली. मेजर म्हणून अर्थशास्त्र छापलेलं असतं, पण शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक नसले की सगळ्या वर्गाला राज्यशास्त्र घ्यायला लावतात. म्हणून कॉलेज बघायला जाशील तेव्हा चालू वर्षाचं दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक माग. वेळापत्रकात इकॉनॉमिक्सचा तास दिसला, तरच ते तिथे शिकवलं जातं असं धर. कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का, हेही त्याच भेटीत विचारून घे.

आणखी एक पक्कं लक्षात ठेव. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातून मधे बीए घेऊन बाहेर पडता येत नाही आणि पदवी आहे म्हणून मधे शिरताही येत नाही. तेराव्या नियमाने दोन्ही बंद केलंय. ‘तीन वर्षं बघू, नाही जमलं तर बीए तरी हातात’ असा हिशेब घरी कोणी मांडत असेल तर तो आत्ताच पुसून टाक.

दुसरा मार्ग तुझ्या सरांचा, तीन अधिक तीन. एकूण सहा वर्षं, म्हणजे एक जास्त. त्या एका वर्षात तुला अर्थशास्त्र मेजर म्हणून पूर्ण मिळतं आणि नव्या शैक्षणिक धोरणात गणित किंवा संख्याशास्त्र मायनर (जोडविषय) घ्यायची वाट असू शकते. सांगलीत विलिंग्डनसारख्या, कला आणि विज्ञान दोन्ही शाखा असलेल्या कॉलेजात हे विचारण्यात अर्थ आहे. साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही दोन्ही आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाची घटक महाविद्यालयं आहेत, तिथेही विचार. प्रश्न नेमका विचारायचा: ‘इकॉनॉमिक्स मेजर, स्टॅटिस्टिक्स मायनर, वेळापत्रकात बसतं का?’ चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाला थांबायची गरज नाही. तीन वर्षांची पदवी तीन वर्षांच्या लॉला चालते. चौथं वर्ष संशोधनाकडे जाणाऱ्यांनी करावं.

पुढचं तीन वर्षांचं लॉ सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे कुठेही होतं. साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज रयतचं आहे, कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज जुनं आहे. त्याची सीईटी वेगळी असते आणि त्या पेपरात गणिताचा विभागच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही हे दोन विषय वेगवेगळ्या ठिकाणी शिकून घेतले होते. साताऱ्याच्या ज्या शाळेत त्यांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी घातलं गेलं ती आजही आहे. पुढे अर्थशास्त्र कोलंबिया आणि लंडनला, कायदा ग्रेज इनमध्ये. एकाच प्रमाणपत्रावर दोन्ही नावं नसल्याने काही अडलं नाही.

मग तू कोणता मार्ग घ्यावास? हे तुला शेवटी काय करायचंय त्यावर आहे, आणि ते शोधायला तुझ्या घरच्या बिलाइतकं चांगलं साधन नाही.

२०२५-२६च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. समजा उतारा १२ टक्के धरला. फरक १.७५, म्हणजे साडेसतरा पायऱ्या, म्हणजे ६० रुपये ५५ पैसे. दर झाला ४१५.५५, टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक, समजा ९०० रुपये, वजा केली की ३,२५५ रुपये ५० पैसे राहतात. शंभर टनांचे ३,२५,५५० रुपये. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर पुढच्या दिवसांचं वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. साठ दिवस उशीर झाला तर हे व्याज सुमारे ८,०२७ रुपये होतं. घरातल्या एका बिलावर हा हिशेब स्वतः मांडून बघ, आणि कपातीचा आकडा बिलावर जो आहे तोच घे.

आता पुढची गंमत. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२मध्ये शासन निर्णय काढून एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली: पहिला हप्ता पायाभूत उताऱ्यावर, दुसरा हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उताऱ्यावर. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वकिलाचा प्रश्न असा: केंद्राने अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेल्या आदेशात १४ दिवस लिहिलेत, ते राज्याला शासन निर्णयाने बदलता येतात का? अर्थशास्त्राचा प्रश्न वेगळा: साखर वर्षभर थोडीथोडी विकली जाते, पण उसाचे पैसे चार महिन्यांत द्यायचे असतात. मधल्या काळात कारखाना साखर तारण ठेवून कर्ज काढतो. त्या कर्जाचं व्याज कोणी सोसायचं, शेतकऱ्याने, कारखान्याने की साखर खाणाऱ्याने? आणि एक रकमी देणं सक्तीचं केलं तर पुढच्या हंगामात कारखाने कसे वागतील?

दिवाळीच्या सुट्टीत हे दोन्ही करून बघ. तो निकाल इंग्रजीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. अडेल तिथे शब्दकोश घे, पण परिच्छेद गाळू नकोस. आणि एखाद्या कारखान्याचा वार्षिक अहवाल मिळव (सभासदांच्या घरी असतोच), त्यातून पाच वर्षांचा उतारा, साखर विक्री आणि व्याजाचा खर्च काढून तक्ता कर. निकाल वाचताना वेळेचं भान राहिलं नाही तर पाच वर्षांचं लॉ तुझं. तक्त्यातून मान वर निघाली नाही तर तीन अधिक तीन, आणि मधे किंवा शेवटी एमए.

हे एमए काही दारांना अनिवार्य आहे. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. बीए एलएलबीतलं इकॉनॉमिक्स तिथे चालत नाही. हे पाचव्या वर्षाला कळलं की फार जिव्हारी लागतं, म्हणून आत्ता सांगतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या विधी शाखेच्या अधिकारी भरतीला कायद्याची पदवी लागते, आणि तिथे अर्थशास्त्र कळणारा माणूस उठून दिसतो. स्पर्धा कायदा, दिवाळखोरी संहिता, कर, वीजदर, सहकारी बँका ही सगळी कामं दोन्ही विषयांच्या सीमेवरची. पाच वर्षांचं लॉ करून पुढे इग्नूसारख्या ठिकाणाहून एमए करता येतं. पण तिथेही गणिताचा पेपर समोर येतोच.

पत्रावरून तुझा ओढा आम्हाला भांडणाकडे जास्त दिसतो: कपात कशाची, बिल कमी का. म्हणून आमचा कल असा. क्लॅट आणि राज्याची सीईटी दोन्ही दे. क्लॅट डिसेंबरात असते, म्हणजे तुझ्या बारावीच्या वर्षाच्या डिसेंबरात. पेपर फक्त इंग्रजीत, १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव गुण वजा. प्रश्न उताऱ्यांवर असल्याने वाचनाचा वेग नसेल तर येत असलेलंही राहून जातं. त्यासाठी पाठांतराचा क्लास लावण्यापेक्षा रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान वाच आणि प्रत्येक लेखाचा मुद्दा दोन ओळींत लिही. सीईटी बोर्डाच्या परीक्षेनंतर होते, उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळालं (राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत) किंवा सीईटीतून मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस मिळालं, तर पाच वर्षांचं घे. यांपैकी काहीच मिळालं नाही तर लाखो रुपये भरून खासगी विद्यापीठाच्या बीए एलएलबीला जाऊ नकोस. सांगलीत किंवा साताऱ्यात बीए इकॉनॉमिक्स कर, स्टॅटिस्टिक्स पक्कं कर आणि मग लॉ. सहावं वर्ष त्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल आणि अर्थशास्त्र खरोखर हाताला लागेल.

फीचं बोलणं घरी होईलच. विधी विद्यापीठात वसतिगृहासह वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात जातं. सीईटीने, कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून प्रवेश घेतलास तर जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी अभिमत वा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत नाही. यात मुली अडतात त्या कागदांपाशी. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर हे सेतूतून वेळेत काढ. जात पडताळणीचा अर्ज मात्र बारावीच्या निकालाची वाट न बघता कनिष्ठ महाविद्यालयातूनच टाक, कारण वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे गोळा करण्यातच महिने जातात.

लॉला गेल्यावरचं थोडं. हजेरीचा नियम प्रत्येक विषयाला किमान ७० टक्के आहे. गावाहून एसटीने येऊन-जाऊन करणाऱ्यांचं इथे बिनसतं, म्हणून पहिल्या सत्रातच दर महिन्याला हजेरी तपासत जा. पाच वर्षांत २० आठवडे इंटर्नशिप लागते, तीन वर्षांच्या लॉला १२. वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त चालत नाही, म्हणून शेवटच्या वर्षावर ढकलता येत नाही. एकदा तरी खालच्या आणि अपिलाच्या कोर्टातल्या वकिलांकडे काम करणं आवश्यक आहे. अपिलासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५पासून सुरू झालंय आणि सांगली, सातारा त्याच्याच कक्षेत आहेत. तुझ्यासाठी क्रम असा सुचवतो: पहिल्या वर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दुसऱ्या वर्षी सांगलीच्या दिवाणी वकिलाकडे, तिसऱ्या वर्षी सहकार न्यायालयात काम करणाऱ्याकडे, मग कोल्हापूर, आणि शेवटी मुंबईत कंपनी कायद्याच्या किंवा सेबीच्या प्रकरणांचं कार्यालय. ऐच्छिक विषय निवडताना बार कौन्सिलच्या यादीत ‘कायदा आणि शेती’ असा पूर्ण गट आहे, हे विसरू नकोस: शेतमाल विपणन, शेतीवित्त, सहकार, बियाणं-पाणी-खतं. बरीच कॉलेजं तो देत नाहीत. तुझ्या बॅचमधल्या दहा-पंधरा जणींनी मिळून लेखी मागणी केली तर विचार होऊ शकतो.

पुस्तकं सेकंड हँड घेताना एक बघ. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी नवे तीन कायदे आलेत, कलमांचे क्रमांकही बदललेत. सीनियरकडून जुनी फौजदारीची पुस्तकं स्वस्तात मिळतील, ती घेऊ नकोस. करार, मालमत्ता आणि राज्यघटना यांची मात्र खुशाल घे.